पावलं एकाचीच होती

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल तर रांगहिल्डला विचारा. ती आमच्याच रस्त्यावर राहते, आणि तिला खोटं बोलायचाही कंटाळा येतो.

गाव हामार. ऑक्टोबरातला गुरुवार. संध्याकाळ, दिवे लागायची वेळ.

आर्नफिन आणि तुर्दिस स्वयंपाकघरात बसून सहल ठरवत होते. म्हणजे तुर्दिस ठरवत होती. आर्नफिन समोर बसला होता.

टेबलभर नकाशा. कोपऱ्यांवर कॉफीचे मग. शनिवारी निघायचं, फ्योर्डकाठी, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या खाडीकाठी, स्ट्रांदा नावाच्या वस्तीत मारगुनकडे उतरायचं, मंगळवारी परत.

"लोकरीचे मोजे दोन जोड घे," तुर्दिस म्हणाली.

"हं."

"तुला जायचंय की नाही?"

"फ्योर्ड काय पळून चाललाय?"

"फ्योर्ड नाही रे. आपण."

आर्नफिनने कॉफीचा घोट घेतला. निवृत्त झाल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. वाईट नाही, बरंही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो ना, तसा तो सगळाच झाला होता. त्यावर उतारा म्हणून तुर्दिसने ही सहल काढली होती.

तेवढ्यात फोन वाजला. तुर्दिसने उचलून तो टेबलावर, स्पीकरवर ठेवला.

मारगुन होती. तिकडची घरमालकीण. वय झालेलं, आवाज मात्र करवतीसारखा.

"तुम्ही शनिवारी येणार होता ना?"

"हो, शनिवारीच."

"मग आत्ता कोण आलं?"

आता इथे एक सांगतो. माणूस पोचायच्या आधी त्याची चाहूल पोचते. फाटक वाजतं, बूट आपटल्याचा आवाज येतो, दार उघडतं... बघायला जावं तर कुणी नाही. मग थोड्या वेळाने तोच माणूस खरोखर येतो, तेच आवाज करत. याला वारदोगर म्हणतात. आमच्याकडे त्याला कुणी घाबरत नाही. चाहूल लागली की बाया कॉफी ठेवतात, म्हणजे पाहुणा येईपर्यंत उकळते.

"गाडी थांबली," मारगुन सांगत होती. "खडीवर पावलं आली. पायरीवर बूट आपटले. मी कॉफी ठेवून बाहेर गेले, तर कुणी नाही. म्हटलं, हामारची मंडळी. दोन दिवस आधी म्हणजे जरा लवकरच झालं, पण शहरातले लोक उतावळेच. माझ्या घरात चाहूल कधी चुकत नाही हं. पाद्री ऐकू येतो, डॉक्टर ऐकू येतो. करवसुलीवालाही ऐकू यायचा, म्हणून तर आमचे वडील वेळेवर डोंगरात जायचे."

तुर्दिस हसली.

"तर मी चादरी घालते," मारगुन म्हणाली. "एकच पलंग ना?"

"दोन घाला. दोघं आहोत आम्ही."

पलीकडे कपाटाचं दार बंद झालं.

"पावलं एकाचीच होती," मारगुन म्हणाली.

फोन ठेवून दोघं परत नकाशासमोर बसले.

"जड होती की हलकी, विचारायला हवं होतं," आर्नफिन म्हणाला.

"बूट तर आपण दोघंही आपटतो."

"रद्द करूया."

"आणि? तिच्या घरात चाहूल चुकत नाही म्हणते. आज ना उद्या एक जण जाणारच. एकटा."

एकटा म्हणजे दुसरा तोवर या जगात नसेल.

आर्नफिनने स्वतःला विचारून बघितलं, पोचणारं कोण असलेलं बरं? भीती आली नाही. फक्त गालाखाली कुठेतरी बारीक ठणकलं.

मग तो शांतपणे म्हणाला, "एकाने दुसऱ्याला पाठुंगळी घेतलं तर?"

"काय?"

"तिला एकाचीच पावलं ऐकू आलीत ना. मग एकाचीच ऐकवू. दोघंही पोचू आणि चाहूलही खरी ठरेल."

तुर्दिसने त्याच्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांत नवऱ्याने सुचवलेली ही पहिली गोष्ट होती.

"तुझी कंबर आहे का तेवढी?" ती म्हणाली. "मी उचलते."

शुक्रवारी त्यांनी अंगणात सराव केला. खालच्या मजल्यावर राहणारी रांगहिल्ड, म्हणजे तुर्दिसची बहीण, खिडकीतून बघत होती.

"काय चाललंय गं?"

"कंबरेचा व्यायाम."

"कुणाच्या?"

उत्तर द्यायला तुर्दिसकडे दम नव्हता.

शनिवारी ते स्ट्रांदाला पोचले तेव्हा दुपार कलली होती. पाणी काळं, डोंगरांची डोकी ढगात. फाटकापाशी गाडी थांबली. आर्नफिन गाडीच्या पायरीवरूनच, जमिनीला बूट न लावता, बायकोच्या पाठीवर चढला.

खडी करकरायला लागली.

मेंढ्या चरायच्या थांबल्या. शेजारचा एक शेतकरी ट्रॅक्टरवरून चालला होता, त्याने वेग कमी केला.

"पाय मोडला का?"

"नाही," आर्नफिन वरून म्हणाला.

"बरं," म्हणून तो गेला.

आर्नफिनचं नाक तुर्दिसच्या टोपीत होतं. टोपीला धुराचा आणि तिच्या केसांचा वास येत होता. इतक्या जवळून त्याने तो कितीतरी वर्षांत घेतला नव्हता. खाली तिचं काळीज धाडधाड उडत होतं. ते बंद पडू नये, असं त्याला वाटलं.

वाटलं.

पायरीवर तिने बूट आपटले. दार ढकललं. आणि दोघंही कोटांच्या खुंट्यांवर जाऊन धाडकन आदळले.

मारगुन कॉफीचं भांडं घेऊन उभी होती.

"अगदी तेच," ती म्हणाली. "तीच गाडी, तीच खडी, तेच बूट."

दोघं जमिनीवर पडल्या पडल्या हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"फक्त," मारगुन म्हणाली, "पडल्याचा आवाज नव्हता तेव्हा..."

पण ते कुणी मनावर घेतलं नाही. कोबी घालून शिजवलेलं मटण खाल्लं. दुसऱ्या दिवशी फ्योर्ड बघितला. पाणी होतं, डोंगर होते. पाण्यातही डोंगर होते. आर्नफिन म्हणाला, "बरं आहे." तुर्दिसला तेवढं पुष्कळ झालं.

मंगळवारी सकाळी बॅगा गाडीत ठेवल्या. निघणार, तोच तुर्दिसचा फोन वाजला. तिने दोघांना ऐकू येईल असा लावला.

रांगहिल्ड.

"पोचल्यावर हाक तरी मारायची गं! मी कॉफी ठेवली, खाली या."

तुर्दिसने आर्नफिनकडे बघितलं.

"आम्ही अजून स्ट्रांदालाच आहोत, रांगहिल्ड."



"मग वर कोण चालतंय?"

"किती जण आहेत?" आर्नफिनने विचारलं.

"एकच. बूट काढले. किटली ठेवली. आता बसतंय... थांबा हं, खुर्ची वाजली. अगं, खुर्चीवरून तर लगेच कळतं की, हे तर—"

'हा' की 'ही'? पुढचं दोघांनीही ऐकलं नाही. तुर्दिसने फोन बंद केला होता.

धक्क्यावर गाड्या नेणारी फेरीबोट भोंगा देत होती.

"परत उचलशील?" आर्नफिनने विचारलं.

"उचलीन. दारातून आत नेईन. पण नंतर खाली ठेवावंच लागेल ना? कुणीतरी बसलंय आत. किटली ठेवून."

फेरीबोट निघून गेली. तुर्दिसने गाडीतून एक बॅग काढली. दुसरी आर्नफिनने काढली.

ते अजून तिथेच आहेत.

बर्फ फाटकापर्यंत आलाय. मारगुनने दोघांना कामाला लावलंय. तो बर्फ ओढतो, ती वॉफल भाजते. एकमेकांच्या नजरेआड होत नाहीत. विहिरीवर पाण्यालाही जोडीने जातात, असं मारगुन सांगते.

आर्नफिन दर शनिवारी मला फोन करतो. हे सगळं त्यानेच सांगितलं, हवामान सांगावं तशा आवाजात.

माणूस येऊन पोचला की चाहूल थांबते. पण इथे कुणी येतच नाहीये. त्यामुळे...

गेल्या रविवारी रांगहिल्डने मला बोलावलं. "बस," म्हणाली, "आणि गप्प राहा."

आम्ही बसलो. वर पावलं वाजली. सपाता घातलेली, सावकाश. नळ सुटला. किटली ठेवल्याचा आवाज आला.

मग खुर्ची वाजली.

त्या स्वयंपाकघरात मी अर्धं आयुष्य पत्ते खेळलोय. दोघांच्या दोन खुर्च्या मला आवाजावरून ओळखू येतात.

रांगहिल्डने माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं.

काल शनिवार होता. आर्नफिनने थंडीचं विचारलं, मी सांगितलं. मग त्याने आवाज उतरवला.

"वर काही ऐकू येतं का रे अजून?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं."

मागे तुर्दिस कशाला तरी मोठ्याने हसत होती. तोही हसला.

मी फोन ठेवला नाही. किती बर्फ पडला, ते विचारत राहिलो.