सुरतेहून येणारा फोन

२०१७ सालची ही गोष्ट. जानेवारीचा दुसरा गुरुवार. संक्रांत दोन दिवसांवर आली होती आणि मी ओट्यावर बसून तीळ निवडत होते. फाटक वाजलं. वर पाहिलं, तर एक उंच पोरगा उभा. केसांत, भुवयांवर, स्वेटरवर कापसाचे पुंजके... आणि त्याचं बोट धरून निळ्या फ्रॉकमधली एक मुलगी. तिच्या अंगावर मात्र कापसाचा तंतू नव्हता. त्याने तिचं डोकं आपल्या रुमालात नीट बांधून आणलं होतं.

“अक्का, मुलांच्या डॉक्टर मॅडम इथेच का?”

मी उत्तर देणार, तेवढ्यात मागून चेलना म्हणाली, “इथेच. कापसाच्या ट्रकमागून आलात वाटतं?”

“धरणगावपासून एकाच ट्रकच्या मागे. पुढे जाऊच देईना.” त्याने केस झटकले. कापूस माझ्या तिळांत पडला.

“डाव्या भुवईवर राहिला अजून.”

त्याने उजवी पुसली.

“डाव्या.”

“माझ्या डाव्या की तुमच्या?”

चेलना हसली. कामाच्या वेळी ती सहसा हसत नसे... मी तीळ निवडायचे थांबले.

मी वच्छला. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर धुळ्यात देवपूरच्या माझ्या घरातल्या खालच्या दोन खोल्या चेलनाला भाड्याने दिल्या. लोक तिला डॉक्टर म्हणत, पण ती गोळ्या-औषधं देणारी डॉक्टर नव्हती. मुलांच्या मनाचं शास्त्र पुण्याला शिकून आली होती. मूळची जळगावची, सराफ बाजारातल्या जैन घरातली. तेव्हा तिशी ओलांडली होती, लग्नाचं नाव काढलं की ती आतल्या खोलीतल्या सतरंज्या झटकायला जायची. तिच्याकडे येणाऱ्यांची नावं मी वहीत लिहीत असे, चहा-पाणी बघत असे. आत काय बोलणं होतं ते ती मला कधी सांगत नसे. हे जे मी लिहिते आहे, ते त्या घरच्या माणसांनीच पुढे मला सांगितलं आणि लिहायलाही त्यांनीच सांगितलं.

“बाकीचे कुठे आहेत?” चेलनाने विचारलं.

“बाकीचे म्हणजे?”

“फोनवर सांगितलं होतं ना? पहिल्या भेटीला सगळं घर हवं. एका परातीतल्या कणकेची पोळी खाणारे सगळे.”

“मी सगळ्यांच्या वतीने आलोय ना. कापडाचं दुकान आहे आमचं. एक जण जातो, बोलणं करतो, घरी येऊन सांगतो. बाबूजी मानतात माझं.”

“इथे सौदा नाही करायचा, अखिलभाऊ.”

“ते भाऊ तेवढं...” तो अडखळला. “नुसतं अखिल म्हणा.”

“खान्देशात सगळ्यांनाच भाऊ म्हणतात.”

“म्हणूनच!”

चेलनाने ते ऐकलंच नाही असं दाखवलं. ती मुलीसमोर उकिडवी बसली. तिने नाव विचारलं नाही, गाल ओढला नाही. म्हणाली, “मी चेलना. मला खूप बोलायला लागतं. तुला नसेल बोलायचं तर चालेल.”

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. हिना तिचं नाव, अखिलची पुतणी, वय सहा. पाच महिने तिने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. घरात नाही, शाळेत नाही. घशाच्या डॉक्टरांनी तपासून झालं होतं, नवस बोलून झाले होते. जळगाव जवळ होतं, पण तिथे नातेवाईक फार. चर्चा नको म्हणून धुळं गाठलेलं.

पुढच्या गुरुवारी फाटकाशी जीप थांबली आणि अखिल ओरडला, “घ्या मॅडम, बठ्ठास्ले लई उनू!” खरंच सगळे होते. वडील माणकचंद, आई झमकूबाई, हिनाची आई दर्शना आणि हिना. माणकचंदांनी उतरताच बायकोकडे बोट करून सांगून टाकलं, “सूर्य मावळायच्या आत हिला घरी जेवायला बसवायचंय. आटपा लवकर.”

चेलनाच्या खोलीत खुर्च्या नव्हत्या. तिने लांब सतरंजी अंथरली आणि म्हणाली, “घरी जेवायला जसे बसता, तसे बसा.”

सगळे बसले. कुणीही काही ठरवलं नव्हतं, तरी दर्शना आणि अखिल यांच्या मधोमध एका माणसाची जागा मोकळी राहिली. मी पाणी घेऊन गेले तेव्हा ती मला दिसली. हिना त्या जागेकडे बघत नव्हती... मुद्दाम बघत नव्हती.

“ही जागा कुणाची?” चेलनाने विचारलं.

 मग झमकूबाई म्हणाल्या, “रोनकची. हिच्या पप्पाची. सुरतला गेलाय तो. माल घ्यायला.”

दर्शनाने पदर तोंडाला लावला. चेलना एवढंच म्हणाली, “बरं.”

रोनक म्हणजे अखिलचा मोठा भाऊ. आदल्या वर्षी मार्चमध्ये सुरतेहून माल घेऊन येताना सोनगीरजवळ त्याची गाडी उलटली, तो जागीच गेला. हिनाला त्याच सकाळी मामाकडे भुसावळला पाठवलं. पंधरा दिवसांनी आणलं, तेव्हा घरात फोटो नव्हता, हार नव्हता. पप्पा सुरतला आहेत, एवढंच तिला सांगितलं. तिची शाळा सुटायची वेळ झाली की दर्शना कपाळाला टिकली लावायची, हातात बांगड्या भरायची. मुलगी शाळेत गेली की काढून ठेवायची. नवऱ्यासाठी रडायला तिला दिवसाचे पाच तास मिळत.

दर गुरुवारी ते येऊ लागले. चेलना त्यांना काय काय करायला लावी! आज आजीने हिना व्हायचं आणि हिनाने आजी. उद्या सगळ्यांनी मिळून एकाच कागदावर घर काढायचं, पण बोलायचं नाही. माणकचंद कुरकुरत, “एवढ्यात चार गिऱ्हाइकं झाली असती.” तरी पेन्सिल धरत. एकदा ते घराला दार काढायला विसरले, तर हिनाने त्यांच्या हातातून पेन्सिल घेऊन दार काढलं. आजोबा त्या दिवशी कुरकुरले नाहीत.

अखिल मात्र दर वेळी सगळ्यांना अर्धा तास आधीच घेऊन यायचा.

“जीप जोरात चालवली,” म्हणायचा.

“मग पुढच्या वेळी हळू चालवा. लहान मूल असतं गाडीत,” चेलना खोलीतूनच म्हणायची.

एकदा त्याने धरणगावहून ताजी शेव आणली. चेलनाने हातही लावला नाही. “येणाऱ्या घरांकडून मी काही घेत नाही.”

“आणि अक्कांना दिली तर?”

“अक्का माझ्या कुणी नाहीत. त्यांचं त्या बघतील.”

मग काय, चार महिने शेव, केळी, गुळाच्या पोळ्या, सगळं माझ्या वाट्याला आलं. तो द्यायचा मला आणि बघायचा पडद्याकडे. तीही... पडद्याआड कागद लावताना तिचे हात मध्येच थांबायचे. एवढी वर्षं पोरं सांभाळलेली बाई मी, मला का कळत नाही? मी मनात म्हणायचे, पोरगा चांगला शे.

फेब्रुवारीत चेलनाने मोठ्यांना वेगळं बसवलं. “हिनाला खरं सांगायला हवं. आणि ते मी नाही, घराने सांगायचं.”

“सहा वर्षांचं पोर ते!” माणकचंद कडाडले. “तिला मरण काय कळतं? मोठी झाली की कळेल आपोआप.” आणि ते उठून जीपमध्ये जाऊन बसले. झमकूबाई, दर्शना, हिना त्यांच्या मागोमाग. अखिल तेवढा ओट्यावरच उभा राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“मॅडम, एक राहिलं सांगायचं.”

“सांगा.”

“माझा आणि रोनकभाऊचा आवाज अगदी सारखा आहे. लोक फसायचे फोनवर. भाऊ गेल्यावर हिना रोज दाराशी बसायची. आईला बघवेना. मग मी... दुकानामागच्या गोदामातून फोन लावायचो. पप्पा बोलतोय म्हणायचो. सुरतला खूप काम आहे म्हणायचो. तिसऱ्या-चौथ्या फोननंतर ती बोलायची बंद झाली. हे घरात कुणी तुम्हाला सांगितलं नाही. मीही नाही.”

चेलनाचा चेहरा असा कठोर झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

“मी आठ वर्षांची होते,” ती हळू म्हणाली. “माझी आई गेली. मला सांगितलं, मारवाडात पालीला माहेरी गेलीय, दिवाळीला येईल. मी तीन दिवाळ्या वाट पाहिली, अखिल. मग वाटलं, मीच काहीतरी वाईट वागले असणार, म्हणून ती येत नाही. मुलांना खरं कळलं नाही की ती गप्प बसत नाहीत हो... ती स्वतःच एक कारण शोधून काढतात. आणि ते कारण नेहमी खऱ्याहून भयंकर असतं.”

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला नुसतं अखिल म्हटलं होतं. त्या क्षणी दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

“फोन तुम्ही केलेत,” ती म्हणाली. “सांगायचंही तुम्हीच.”

“ती मला कधी माफ करणार नाही.”

“नाही करणार कदाचित. तरी सांगा.”

“आणि तुम्ही?”

ती आत गेली, दार लावून घेतलं.

त्यानंतर दोन गुरुवार कुणी आलं नाही. मी वहीत त्यांच्या नावापुढे रेघ मारली. चेलना तीन वाजता सतरंजी अंथरायची आणि पाचला गुंडाळून ठेवायची. तिसऱ्या गुरुवारी जीप आली. पुढे माणकचंद, हातात रोनकचा फोटो. अखिल आठ दिवस दुकानात न जाता बापाशी भांडला होता, असं मागाहून कळलं. दर्शना घरून निघतानाच टिकली न लावता आली होती.

सगळे बसले. या वेळी चेलनाने मलाही थांबवलं. अखिल हिनासमोर मांडी घालून बसला. 

“हिना... सुरतेहून फोन यायचा ना, तो पप्पांचा नव्हता. मी होतो. पप्पा सुरतला नाहीत. गाडी उलटली आणि पप्पा गेले. आता ते कधी येणार नाहीत. मी खोटं बोललो तुझ्याशी.”

हिनाने त्याच्याकडे बघितलं. मग आईच्या कपाळाकडे. आणि बारीक, गंजल्यासारख्या आवाजात म्हणाली, “मला माहीत होतं.”

झमकूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

“पप्पा मला हिना नाही म्हणत. हिनुडी म्हणतात. तू हिना म्हणालास.”

“मग... मग बोलली का नाहीस, बेटा?”

“तुम्ही सगळे लपवत होते ना. मी बोलले असते तर माझ्या तोंडून निघालं असतं. मग आजी रडली असती.”

सात महिने ती पोर त्या मोठ्या माणसांना सांभाळत होती! माणकचंदांनी फोटो सतरंजीवर, त्या मोकळ्या जागेत ठेवला आणि सगळ्यांदेखत रडले. दर्शनाने मुलीला जवळ ओढलं. अखिल तसाच बसून राहिला, मान खाली घालून. थोड्या वेळाने हिना आईच्या कुशीतून निघाली आणि त्याच्या गुडघ्यावर जाऊन बसली.  नुसती बसली. चेलनाने तोंड खिडकीकडे फिरवलं होतं... पण तिचे खांदे मला दिसत होते.

मेअखेर हिनाचं येणं थांबलं. आता गरज नव्हती. शेवटच्या गुरुवारी सगळे जीपमध्ये बसले तरी अखिल फाटकाशी घुटमळत राहिला. ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नव्हता.

“मला काहीतरी विचारायचंय,” तो म्हणाला.

“नका विचारू.”

“काय विचारणार ते तरी...”

“माहीत आहे. म्हणूनच म्हणते.” तिचा आवाज हलला. “हिनाला उद्या पुन्हा माझी गरज लागली, तर तिला मी तिची ताई म्हणून हवी. तुमच्या घरातली माणूस म्हणून नाही. ज्या घराला मदत केली, त्या घराशी लगेच नातं जोडायचं नाही, हा माझ्या कामाचा नियम आहे. निदान दोन वर्षं.”

“दोन वर्षं!”

“जास्त वाटतात?”

“नाही म्हटलं तर खोटं बोलणं होईल. ते मी सोडलंय.” तो थांबला. “मधूनमधून फोन करू?”

“नको.” आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटलं. “फोनच्या बाबतीत तुमचा लौकिक काही चांगला नाही.”

तो मोठ्याने हसला. डोळे भरलेले आणि हसत होता. मग गेला.

त्याने फोन केला नाही. पत्र नाही, निरोप नाही. जळगावहून चेलनाला दोन स्थळं आली, तिने सतरंज्या झटकल्या. मला वाटायचं, पुरुषाचं मन, दोन वर्षं कोण थांबतं? तिलाही वाटत असावं. २०१९ चा मे संपला, जून आला. तो आला नाही.

एका रविवारी चेलना म्हणाली, “अक्का, धरणगावला येता?”

एसटीने गेलो. दुकानात गर्दी होती. अखिल गादीवर बसून कापड मोजत होता, आणि शेजारी आठ वर्षांची हिना गिऱ्हाइकांना सांगत होती, “मावशी, हा रंग नका घेऊ, धुतला की जातो.” माणकचंद डोक्याला हात लावून म्हणाले, “हिला पुन्हा गप्प करायचं काही औषध आहे का हो?”

अखिलने वर पाहिलं आणि हातातला गज तसाच राहिला.

“तुम्ही आला नाहीत,” चेलना म्हणाली.

“नियम तुमचा. संपला की नाही, ते तुम्ही सांगायचं होतं. रोज वाट बघतोय... आता विचारू?”

“थांबा. आधी हिनाला.” ती गादीपाशी वाकली. “हिना, मी तुमच्या घरी राहायला आले, तर तुझी ताई राहणार नाही. पोटातलं सांगायला तुला दुसरी ताई शोधून देईन मी, जळगावला. चालेल?”

हिनाने बराच विचार केला. “आणि तू माझी कोण होशील?”

“काकू.”

“काकूला पण सांगता येतं ना पोटातलं?”

“येतं.”

“मग ये.” आणि काकाकडे वळून, “विचार ना लवकर! गिऱ्हाईक थांबलंय.”

त्याने विचारलं. भर दुकानात, चार बायकांच्या समोर. ती हो म्हणाली, इतकं हळू की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

डिसेंबरात लग्न झालं. चेलना आता जळगावला बसते. खोलीत खुर्च्या अजून नाहीत. अखिल आठवड्यातून दोनदा जीप घेऊन तिला आणायला जातो, अर्धा तास आधीच. दर्शनाने शिकवणीचे वर्ग काढले, पुढे भुसावळच्या एका विधुर शिक्षकाशी लग्न केलं. सासू-सासऱ्यांनी स्वतः लावून दिलं. हिना आईकडे आणि धरणगावला, दोन्हीकडे असते आणि दोन्हीकडे बडबडते. झमकूबाई अजूनही सूर्यास्ताआधी जेवतात आणि मला दर संक्रांतीला फोन करतात. माझ्या खालच्या खोल्यांत आता एक शिंपीणबाई आहे.

माणकचंद २०२३ च्या थंडीत गेले. मी धरणगावला पोचले, तेव्हा ओसरीवर माणसं बसली होती. चेलना-अखिलचा लेक अडीच वर्षांचा, तो दादाजींना शोधत घरभर फिरत होता. एक पाहुणी बाई म्हणाली, “दादाजी गावाला गेलेत हं, सोन्या.”

बारा वर्षांची हिना तिथून उठली. तिने त्याला उचललं, आतल्या खोलीत नेलं, दादाजींच्या जवळ बसवलं. “बघ, दादाजी वारले,” ती म्हणाली. “आता ते बोलणार नाहीत, उठणार नाहीत. हात लावायचाय? लाव.” त्याने बोटाने हात लावला. रडला. ती त्याला धरून बसली.

अखिल दारात उभा राहून बघत होता. चेलना त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने त्याचा हात हातात घेतला... एवढ्या सगळ्या पाहुण्यांसमोर.