साडेसातची मालिका

"खातेदारालाच फोन द्या, मॅडम," फोनमधली मुलगी चौथ्यांदा तेच म्हणाली.

"देता येत नाही म्हणून तर मी बोलतेय ना!" तिने फोन काउंटरवर आपटला आणि मान वर केली. समोर एक उंच तरुण उभा होता. हातात काडी मोडलेला चष्मा, आणि शर्टाच्या खिशावर, ती फोनवर जिच्याशी भांडत होती नेमकी त्याच डिश कंपनीची खूण.

"तुम्हीच ना ते? लोकांना गोष्टीच्या मधोमध लटकवणारे?"

"मी नुसता छतावर चढतो हो." त्याने डोळे बारीक केले. "आज उतरताना चष्म्यावर पाय पडला. तुम्ही रागावलात की हसताय, तेही दिसत नाहीये मला."

"रागावलेय."

"आवाजावरून वाटलंच."

चष्म्याच्या दुकानात काम करून तिला सहा वर्षं झाली होती. बाहुल्यांमधलं अंतर मोजताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघावंच लागतं, त्याचं तिला काही वाटत नसे. त्या दिवशी मात्र पट्टी दोनदा सरकली.

"हलू नका."

"मी कुठे हलतोय?"

हलत होती तीच. मग उगाच, हात बिझी ठेवायला म्हणून, तिने त्याला सगळं सांगून टाकलं. आईबाबा रोज साडेसातला एक मालिका बघत. त्या मालिकेतल्या धाकट्या जावेने थोरलीचं पत्र लपवून ठेवलं होतं. "सापडतंय बघा," आई म्हणे. "छे! अजून दोन वर्षं ताणतील," बाबा म्हणत. शेवटी पैज लागली. हरेल त्याने महिनाभर सकाळचा चहा करायचा. आई इस्पितळात होती तेव्हा ती वाहिनी महागड्या पॅकमध्ये गेली. पुढच्या आठवड्यात आई गेली. पैज तशीच राहिली.

"पॅक बदलायचा तर खातेदार हवा म्हणतात. खातं आईच्या नावावर आहे."

तो म्हणाला, "फॉर्म असतो एक. मी आणून देतो."

दोन दिवसांनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवून तो काउंटरपाशी बराच वेळ उभा राहिला.

"नीट दिसतंय?"

"…हो. अगदी."

त्याच संध्याकाळी तो फॉर्म घेऊन घरी आला. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यापासून टेबल घरातच मांडलेलं, आणि भिंतीवर दुरुस्तीला आलेली नऊ घड्याळं. सगळी बंद. आई गेल्यापासून चार महिने त्यांनी एकाही घड्याळाला हात लावला नव्हता. ते टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर वर 'नमस्कार' आणि आईचं नाव, खाली 'ही वाहिनी आपल्या पॅकमध्ये नाही.' रोज अर्धा तास ते एवढंच बघत.

"फॉर्म भरला की नाव बदलेल," तो हळूच म्हणाला.

"वरचंसुद्धा?" तिने विचारलं.

"वरचंसुद्धा."

तिने घडी न उघडता फॉर्म टेबलाच्या खणात सारला. "ठेवते. नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी सातनंतर तो पुन्हा दारात हजर. "काका, पत्र अजून सापडलेलं नाही. मी घरोघरी डिश बसवत फिरतो ना, तर या घरी पाच मिनिटं, त्या घरी पाच मिनिटं… बघून होते मालिका."

बाबांनी चार महिन्यांत पहिल्यांदा खुर्ची वळवली. "बस. थोरली काय करतेय?"

मग तो रोजच येऊ लागला. कधी पत्र तांदळाच्या डब्यात जायचं, कधी उशीच्या अभ्र्यात. एकदा तर पत्राची पिशवीच रद्दीवाल्याकडे गेली आणि ऐन वेळी परत आली. "धाकटीला अक्कल म्हणून नाहीच!" बाबा कडाडायचे. हळूहळू टेबलावरचा दिवा लागायला लागला. एकेक घड्याळ भिंतीवरून उतरे आणि टिकटिकत परत चढे.

ती दारात भाजी निवडत उभी असे.

"ऐकताय ना?" तो विचारायचा.

"कान आहेत मला."

"मग हसा की. आता दिसतं मला."

दीड महिन्याने बाबांनी नववं घड्याळ, ठोक्यांचं, भिंतीवर लावलं. गोष्टीत धाकटीने पत्र विहिरीत टाकायला हात उचललाच होता, तेवढ्यात घड्याळाने एकच ठोका दिला. साडेसात.

तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "मालिका साडेसातला लागते."

"हो… मग?"

"आणि साडेसातला तुम्ही रोज इथे असता. मग बघता कधी?"

नऊ घड्याळं टिकटिकत होती. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कान लालबुंद.

"पहिल्या आठवड्यातच कळलंय मला," बाबा भिंग डोळ्यावरून न काढता म्हणाले. "घड्याळजीला फसवतोय म्हणे. पण गोष्ट बरी रचतो गाढव."

"म्हणजे दीड महिना तुम्ही… सगळं मनचं?" तिला रागवायचं होतं. ओठ ऐकत नव्हते. "मग पत्र एकदाचं सापडू का दिलं नाहीत?"

"सापडलं असतं तर—" तो अडखळला. "तर मला इथे यायला कारण काय उरलं असतं?"

तिने खाली पाहिलं.

"आणि मी तर पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. तुम्ही फॉर्म… उघडलाच नाहीत?"

बाबांनी खण ओढला आणि फॉर्म तिच्या हातात दिला. "मी उघडला होता. मला वाटलं, तुझं तुला कधीतरी सापडेल."

फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं— 'नाव काढवत नसेल तर काढू नका. गोष्ट मी येऊन सांगत जाईन. तुम्ही नको म्हणाल त्या दिवसापासून येणार नाही. ता. क. नवा चष्मा लावून पहिल्यांदा तुम्हालाच पाहिलं. नंबर बरोबर आहे.'

तिने ते दोनदा वाचलं. मग घडी घालून ओढणीच्या टोकात धरून ठेवलं.

"सापडलं म्हणायचं पत्र," बाबा उठले. "हरलो बुवा. चहा माझ्याकडे." आई गेल्यापासून ते पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरले. डबे वाजले. मग आतून आवाज आला, "साखर कुठे ठेवते गं ती?"

तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"डावीकडचा डबा, बाबा," ती म्हणाली. "निळ्या झाकणाचा."

पडद्यावर आईचं नाव तसंच होतं.

"मग… उद्या?" त्याने विचारलं. "पत्र तर सापडलं. आता काय सांगू?"

"उत्तर येईल की त्याला," ती हसली. "साडेसातला ये."