वर्षभराचं लेकरू

नोव्हेंबरातली दुपार. अमेरिकेतल्या डुलुथच्या बंदरावर बर्फमिश्रित पाऊस लागला होता आणि ती आमच्या करसल्ल्याच्या ऑफिसात फक्त आडोशाला शिरली होती. केसांतून पाणी गळत होतं. मी टॉवेल दिला. ती म्हणाली, "सल्लाही फुकट देता का?"

सिग्ने तिचं नाव. मे महिन्यात कॉलेज संपलेलं, ऑगस्टपासून बेकरीत नोकरी. ती शाळेत असतानाच आई वारली होती. आईने ठेवलेले शेअर तिने वडिलांच्या शुश्रूषेसाठी नुकतेच विकले होते.

"त्या नफ्यावर तुमच्या वडिलांच्या दराने कर लागेल," मी म्हणालो. "किडी टॅक्स. लहान मुलांचा."

"लहान? अहो, बावीस वर्षांची आहे मी! पदवी भिंतीवर टांगलीय."

"चोविशीच्या आत आहात, कमाईत निम्मा खर्चही भागत नाही. आणि वर्षातले पाच महिने शिकलात की सरकार अख्खं वर्ष विद्यार्थी धरतं. यंदा तुम्ही लेकरूच."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती, हे मला नंतर कळलं.

"सुटका नाहीच?"

"आहे की. एकतीस डिसेंबरच्या आत लग्न करा, नवऱ्याबरोबर एकत्र विवरणपत्र भरा."

"असं सगळ्याच पोरींना सांगता?"

"नियम सगळ्यांनाच सांगतो..."

"मग कान का लाल झालेत?"

मी गडबडलो आणि नको ते बोलून गेलो. "किंवा मग... वर्षअखेरीला आईवडील दोघंही हयात नसले तर लागत नाही."

तिने टॉवेलची घडी घातली. वडील खनिजाच्या बोटीवर कप्तान होते. आता अंथरुणाला खिळले होते. नाताळ बघतील, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मग लागू दे," ती म्हणाली. "लागूच दे."

त्यानंतर मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. कप्तान पडल्या पडल्या भोंग्यावरून बोट ओळखायचे. सिग्ने कॉफी करायची – फार कडू. नाताळ उलटला. खिडकीशी उभा राहून मी हळूच म्हणालो, "वर्ष अजून संपलं नाही... करायचं लग्न?"

"कर वाचवायला?"

"नाही गं."

"मग यंदा नको, ओरिन. यंदा मला बाबांचीच राहू दे. जानेवारीत विचार."

जानेवारीत, सरोवर गोठण्याआधीची शेवटची बोट बंदरात आली आणि कप्तान गेले. तेव्हा विचारायचा मला धीर झाला नाही. एप्रिलमध्ये तिने तो जास्तीचा कर भरला, कुरकुर न करता. "बाबा होते म्हणून लागला," म्हणाली. त्या दिवशी मी विचारलं. ती हो म्हणाली, आणि उशीर केला म्हणून बोललीही.

संसाराची वर्षं सरली, आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये सिग्ने गेली.

आता त्या वर्षाचं विवरणपत्र भरायला बसलोय. नियम मला पाठ आहे. नवरा-बायकोतलं एक वर्षात केव्हाही गेलं, तरी ते अख्खं वर्ष लग्नाचं धरतात. पाच महिने शिकली म्हणून तिला वर्षभर लेकरू ठरवलं होतं. आता तीन महिनेही पुरते जगली नाही, तरी वर्षभर माझी बायको.

दोघांची नावं लिहिली. पुढच्या वर्षी एकच लिहायचं आहे.