बाहेरची कडी

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच घरात घडलेली आहे. आणि रात्री नाही... भर दुपारी.

असल्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांतल्या सांगणाऱ्याचा बहुतेक वेळा काही दोष नसतो. मला तेवढं म्हणता येत नाही.

साल १९९८. भिवंडीत, कशेळीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर होतं.

बुधवार, ११ फेब्रुवारी. तो आमचा शेवटचा साधा दिवस.

माझ्या वडिलांनी, हिरामणनी, वीस वर्षं लूम चालवले. छातीत दमा शिरला तेव्हा घराला लागून असलेली लूमची शेड यूनुसभाईंना भाड्याने दिली आणि मुंबईहून एक जुना कॉम्प्युटर आणि रंगीत इंकजेट प्रिंटर घेऊन आले. त्यावर ते हळदीच्या पत्रिका छापत. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, त्यामुळे काम भरपूर होतं.

पण प्रिंटर नाजूक. चार दिवस वापरला नाही की शाई सुकायची आणि कागदावर शाई सोडणारं हेड तुंबायचं.

बाबा ते हेड काढायचे ते तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तसे. ताटलीत मलमलची घडी. तिच्यावर कोमट पाणी, तेही नळाचं नाही, गॅरेजमधून आणलेलं, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी. अगदीच तुंबलं असेल तर डाइंगवाल्याकडच्या अमोनियाचे दोन थेंब. घडीवर हेड ठेवलं की निळा, लाल, पिवळा, काळा रंग हळूहळू कापडात उतरत जाई. मग हेड परत बसवून चाचणीचा कागद काढायचा. त्यावर बारीक रेघांच्या चार शिड्या उमटत. एकही पायरी तुटली नसेल तर हेड साफ.

चाचणीला कोरा कागद वापरायचा नाही, पाठकोरा वापरायचा, हा त्यांचा नियम.

त्या बुधवारी यूनुसभाई दारात चहा पीत उभे होते.

"हिरामणशेठ, आमची लूम बरी. तेल पाजलं की चालली. तुमचं मशीन तर मलाई मागतंय."

"नवी नवरी हाय ती," बाबा म्हणाले. "रोज तोंड पुसावं लागतं."

माझी विधवा आत्या, ठकुबाई, आमच्याकडेच राहायची. कानांनी जवळजवळ बहिरी, पण ओठ बघून बोलणं बरोबर ओळखायची. ती म्हणाली, "बहिणीचं तोंड कधी पुसलंस न्हाय रे इतक्या मायेनं."

सगळे हसले. मीही हसले.

प्रिंटरची खोली म्हणजे पूर्वीची सुताची कोठी. तिच्या दाराला कडी होती ती फक्त बाहेरून. लूम चालू असले की भिंती हादरत आणि दार आपोआप उघडे. सुताची धूळ आत येऊन उघड्या हेडवर बसली की सगळी मेहनत वाया. म्हणून बाबा आत बसले की खिडकी बंद आणि दाराला बाहेरून कडी. अर्ध्या तासाने काढायची. हे काम बहुधा आत्याचं.

मध्येच काही लागलं तर बाबा भिंतीवर तीनदा ठोकत. लूमच्या खडखडाटात हाक ऐकू येत नसे. पण भिंतीच्या पलीकडे, पुढच्या खोलीत, आत्याची खाट होती. तिथे टेकून बसलं की ठोका पाठीला कळे. कान नसलेल्या आत्यालाही कळे.

गुरुवारी सकाळी मी माझं पत्र शोधत होते. नाशिकच्या एका कॉलेजातून मुलाखतीला बोलावलं होतं, सोमवारी.

पत्र प्रिंटरपाशी सापडलं. त्याच्या पाठीवर चार रंगांच्या चार शिड्या छापलेल्या होत्या.

"हे मुद्दाम केलंत तुम्ही."

"न्हाय गं बाय. डोळ्याला चष्मा नव्हता. पाठकोरा दिसला, घातला. सही-शिक्का पुढल्या बाजूला हाय ना? चालंल."

"मी जायलाच नको आहे तुम्हाला."

बाबा ताटलीतली घडी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "कडी लाव. आज लय तुंबलंय. अर्ध्या तासानं काढ."

मी कडी लावली.

आत्या मागच्या अंगणात सुकट निवडत होती. मी तिच्या खाटेवर, भिंतीला पाठ लावून, पुस्तक उघडलं.

कडी काढली तेव्हा बारा वाजले होते. पन्नास मिनिटं झाली होती.

बाबा दाराशी नव्हते. भिंतीशी होते... भिंतीला खांदा लावून बसलेले. खोलीत डोळे चुरचुरवणारा वास कोंडला होता. अमोनिया त्या दिवशी त्यांनी दोन थेंबांवर ठेवला नव्हता. हेड मात्र घडीवर नीट ठेवलेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, दमा होता, श्वास कोंडला.

अंगण माणसांनी भरलं. माझे काका केसरीनाथ दापोड्याहून आले. त्यांनी विचारलं, "कडी कुणी लावली होती?"

कुणीतरी म्हणालं, "रोज ठकुबाईच लावते."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिला प्रश्न ऐकू आला नव्हता. काकांनी तिच्यासमोर तोंड नेऊन पुन्हा विचारला. "लावली असंल," ती म्हणाली. "रोज मीच लावते. आज... माझ्या ध्यानात न्हाय."

मग काकांनी मला विचारलं, तू कुठे होतीस?

"वाचत बसले होते."

ते खोटं नव्हतं.

तेराव्यापर्यंत गावभर झालं होतं. ठकीने भावाला कोंडून मारला. बायका तिच्या हातचं पाणी घेईनात. रंगूबाई म्हणून लांबची एक नातेवाईक आली होती. आत्या ओठ वाचते हे माहीत असूनही ती तिच्यासमोर उभं राहून, सावकाश, एकेक शब्द तोडत बोलली, "बहिरी होती तर कडीला हात कशाला लावायचा?"

आत्याने पदर तोंडावर घेतला.

मी चहाचे कप गोळा करत होते.

चौदाव्या दिवशी दुपारी आत्या खाटेवरून ताडकन उठली.

"हिरू भिंत ठोकतोय."

मी कान दिला. फक्त लूमचा आवाज. खट्... खट्... खट्.

"कुणी नाही, आत्या."

"तीनदा ठोकलं. पुन्हा ठोकलं." तिने तळहात भिंतीला लावला. "उघड की गं बाय. उघड."

मी जाऊन दार उघडलं. खोली रिकामी होती. प्रिंटरवर मी घातलेली चादर तशीच होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज त्याच वेळी, साडेअकरा ते बाराच्या मध्ये. आत्या भिंतीशी जाऊन हात जोडायची. "चुकले रे हिरू. म्हातारी झाले. इसरले."

एका दुपारी, ती मोरीत गेली असताना, मी तिच्या जागी बसले. भिंतीला पाठ लावली.

काही नाही.

मग...

पाठीत, उजव्या खांद्याच्या खाली. तीन ठोके.

मी हलले नाही.

पुन्हा तीन. या वेळी जोरात. जणू आत असलेल्याला माहीत होतं, या बाजूला आता कोण बसलंय.

मार्चच्या शेवटी पडघ्याचा एक माणूस प्रिंटर विकत घ्यायला आला. म्हणाला, "दीड महिना बंद आहे? मग हेड गेलंच असणार. शाई दगड झाली असेल."

त्याने हेड काढलं आणि बोटाने चाचपलं.

बोट ओलं झालं.

"कोण साफ करतं रोज?" त्याने विचारलं.

"कुणी नाही."

त्याने चाचणीचा कागद काढला. निळी, लाल आणि पिवळी शिडी पूर्ण होती. काळ्या शिडीच्या तीन पायऱ्या गायब होत्या... ओळीने तीन. त्याने हेड पुसून पुन्हा कागद काढला. त्याच तीन. सहा कागद काढले. त्याच तीन.

"मला नको," तो म्हणाला. चहासुद्धा न घेता गेला.

त्या आठवड्यात नाशिकहून दुसरं पत्र आलं. वडील गेल्याचं कळवल्यामुळे त्यांनी मला पुढची तारीख दिली होती. या वेळी मी पत्र लगेच लोखंडी पेटीत ठेवलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. प्रिंटरची वायर काढून कपाटात टाकली.

दोन दिवसांनी पेटी उघडली.

पत्राच्या पाठीवर चार शिड्या होत्या. काळीच्या तीन पायऱ्या तुटलेल्या. शाई अजून ओली होती... माझ्या अंगठ्याला लागली.

बाबा जिवंतपणी रागीट नव्हते. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर हात उगारलेला मला आठवत नाही. पण भिंतीत जे होतं त्याला माया नव्हती. ते वाट बघत होतं. आणि वाट बघता बघता ते एका निरपराध म्हातारीला रोज थोडं थोडं मारत होतं... माझ्या डोळ्यांसमोर. मी किती दिवस बघू शकते, तेवढंच त्याला बघायचं होतं.

आत्याने जेवण सोडलं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

केसरीनाथकाका म्हणाले, "हिला सासरच्या गावी सोडून येतो. मंगळवारी गाडी आणतो."

सासरी तिचं कुणी उरलं नव्हतं. एक पडकं खोपटं होतं. तिथे ती पंधरा दिवससुद्धा काढणार नाही हे काकांना ठाऊक होतं, आणि मलाही.

आत्या फक्त एवढंच म्हणाली, "बरोबर हाय. माझ्या पापाची धनी मीच."

मंगळवार, १४ एप्रिल. आत्याचं गाठोडं बांधून दारात ठेवलं होतं. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. काका यायला अजून तासभर होता.

मी प्रिंटरच्या खोलीत गेले. ते मशीन फोडून टाकायचं ठरवलं होतं. हातात हातोडी होती. मी चादर काढली.

ताटलीत मलमलची घडी होती. ओली. कोमट.

आणि मागे दार लागलं.

मग कडी सरकल्याचा आवाज. लूमच्या खडखडाटात तो ऐकू यायला नको होता... पण आला.

मी दार ढकललं. ओरडले. आत्याला हाका मारल्या, यूनुसभाईंना मारल्या. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. खिडकी फुगून चौकटीत घट्ट बसली होती. हातोडी कुठे पडली ते कळलं नाही.

मग तो वास आला.

अमोनियाची बाटली मी स्वतः, दहाव्याच्या दिवशी, खाडीत फेकली होती.

डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. छाती आवळली. मी भिंतीशी गेले, बाबा जिथे बसले होते तिथेच, आणि मुठीने ठोकलं.

तीनदा. पुन्हा तीनदा.

पलीकडे आत्या होती. तिला ते लागत असणार. आणि मला माहीत होतं, ती काय करत असेल. हात जोडून माझी माफी मागत असेल.

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, भिंतीच्या या बाजूने तो वेळ केवढा मोठा असतो.

मी ठोकायचं थांबवलं. भिंतीला तोंड लावून म्हणाले, "सांगते. तिला सांगते."

कडी सरकली.

दार लूमच्या हादऱ्याने हळूहळू उघडलं, नेहमीसारखं. बाहेर कुणी नव्हतं. आत्या खाटेवरच होती, हात जोडून, डोळे मिटून. तिच्या अंगात उठून दारापर्यंत येण्याचं बळ नव्हतं.

कडीवर बोटांचे ठसे होते. निळसर काळे. ओले.

साफसफाई करताना बाबा कडीला कधी हात लावत नसत. हात शाईचे असतात, म्हणायचे.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. शेड गेली, घर गेलं. त्या जागी आज गोदाम आहे. मी नाशिकला कधीच गेले नाही. त्या दिवशी दार कुणी लावलं आणि कुणी उघडलं, याचं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. ते ठसे मी पुसले नाहीत, तरी संध्याकाळपर्यंत नव्हते. आजही मी भिंतीला पाठ टेकून बसत नाही. खुर्ची असली तरी थोडी पुढे ओढून घेते. ती गोष्ट संपली, असं मला अजून वाटत नाही.

पण त्या दुपारी मी खोलीतून बाहेर आले आणि आत्याच्या खाटेपाशी गुडघ्यांवर बसले. बाहेर काकांची गाडी लागत होती. अंगणात रंगूबाई होती. शेजारच्या दोघीतिघी आत्याला जाताना बघायला आल्या होत्या.

आत्याने डोळे उघडले नाहीत. ओठ वाचायला ती तयार नव्हती. मग मी तिच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी तोंड नेलं. बहिऱ्या माणसाला गुपित हळू सांगता येत नाही. ओरडावंच लागतं. मला वाटलं, लूम चालू आहेत, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही.

मी छाती भरून श्वास घेतला.

आणि लूम थांबले.

शुक्रवारची लूमची सुट्टी नव्हती. वीज गेली नव्हती, डोक्यावरचा पंखा फिरत होता. तरी यूनुसभाईंचे सगळेच्या सगळे लूम एका ठोक्यात थांबले. अंगणातलं बोलणंही थांबलं. त्या एवढ्या शांततेत माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"आत्या, कडी तू न्हाय लावलीस! मी लावली! बाबा ठोकत होते... तीनदा, मग पुन्हा तीनदा, किती वेळ ठोकत होते... माझ्या पाठीला लागत होतं! मला कळत होतं, आत्या! मी म्हटलं, ठोकू दे!"