आठ दिवसांची पावती

वाफ एवढी दाट होती, की मैत्रिणीची समजून मी जी बाही घट्ट धरली, ती एका अनोळखी माणसाची निघाली.

"सोडली तरी चालेल," तो म्हणाला, "फक्त या लाकडी फळ्यांच्या वाटेबाहेर पाय टाकू नका. खालची जमीन अंड्याच्या कवचाएवढी पातळ आहे."

वारा फिरला आणि तो नीट दिसला. निळा गणवेश, वाफेने भिजलेल्या पापण्या, हातात खडू. उकळत्या पाण्याच्या फवाऱ्याचा राखणदार होता तो. फवारा पुन्हा कधी उसळणार, ते फळ्यावर लिहायचं त्याचं काम.

आम्ही तिघी वर्षभर बेत आखून या गरम झऱ्यांच्या मुलखात आलो होतो. गाडी चालवणारी नर्स, सतत काहीतरी चघळणारी मास्तरीण आणि घड्याळं दुरुस्त करणारी मी. फळ्यावर ११:४० लिहिलं होतं. माझ्या घड्याळात ११:४३ झाले होते.

"उशीर झालाय तुमच्या फवाऱ्याला."

"तो कधीच उशीर करत नाही." त्याने कठड्यावर तळहात टेकला, डोळे मिटले. "ऐका... ही गुरगुर थांबली, की—"

थांबली. आणि पाणी उसळलं! तीन मजली घराएवढं, पांढरंशुभ्र. लोक ओरडले. मी मात्र त्याच्याकडेच बघत राहिले. रोज बघणारा हा माणूस, पण कौतुकाने त्याचं तोंड अजून उघडंच राहत होतं! मला तो आवडला. तिथल्या तिथे, सरळ आवडला.

"बघा, बरोबर अकरा चाळीस," त्याने मनगट पुढे केलं.

मी ते धरलंच. धंद्याची सवय! "फवारा वेळेवर आहे हो. तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. आत वाफ शिरलीय."

त्याचा चेहरा एवढासा झाला. "आजोबांचं आहे. मोबाइल दोनदा वाफेने गेला, तेव्हापासून हेच घालतो. महिनाभर लोक कुरकुरतायत, आणि मी त्यांनाच उतावळे म्हणत होतो!"

"नीट होईल. पण... आठ दिवस लागतील." मी त्याचं घड्याळ उतरवून पिशवीत ठेवलं, पावतीपुस्तक काढलं, लिहिलं, तुकडा फाडून त्याच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं. "दुकानात येऊन घेऊन जा."

"येईन," तो म्हणाला. "नक्की येईन."

नर्सने हॉर्न वाजवला.

पुढे खदखदणाऱ्या चिखलाची कुंडं होती. तिथे पोचेपर्यंत दोघींनी मला चिडवून चिडवून सळो की पळो केलं. गाडीतून उतरताना मी पिशवीत हात घातला आणि हाताला लागलेला कागद बाहेर काढला. पत्ता छापलेला, गिऱ्हाइकाचा तुकडा माझ्याजवळच होता! त्याला दिला होता दुकानात ठेवायचा अर्धा. त्यावर नुसता नंबर आणि 'वॉशर बदलणे'. बारा वर्षांत ही चूक कधी झाली नव्हती. त्याला वाटेल, बाई आजोबांचं घड्याळ घेऊन पसार झाली!

"घड्याळ पोस्टाने पाठव ना," मास्तरीण बिस्किट खात म्हणाली.

"घड्याळ पोचेल गं... पण मग तो कशाला येईल?"

नर्सने कुंडांकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि किल्ली फिरवली. "चल. चिखल काही पळून जात नाही."

फवाऱ्यापाशी लोक फळा वाचून हसत होते. वर लिहिलं होतं: 'पुढची वेळ सांगता येत नाही. घड्याळ एक बाई घेऊन गेल्या. पत्ता दिला नाही. वाट बघतोय.'

"कुणालाही विचारून वेळ लिहिता आली असती की!" मी धापा टाकत त्याला म्हटलं.

"आली असती. पण मग तुम्ही परत आल्यावर काय वाचलं असतं?"

मी पत्त्याचा तुकडा पुढे केला. आणि मग राहवेचना. "मी खोटं बोलले. अर्ध्या तासाचं काम आहे. वॉशरसुद्धा पिशवीत आहे. तुम्ही यावं... म्हणून आठ दिवस लिहिले."

त्याचे कान लाल झाले. "मग आता दुरुस्त करू नका. मला यायचंय."

मी माझं घड्याळ काढून त्याच्या मनगटाला बांधलं. पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा बसला. त्याने ते दोनदा पाहिलं, फळा पुसला आणि फवाऱ्याची वेळ लिहिली. त्याखाली आठ दिवसांनंतरची तारीख घातली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'या दिवशी राखणदार सुट्टीवर.'