येतो हं

हसू नका, पोरांनो. ही ऐकीव नाही, माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे. आणि तो दिवा असू दे तसाच.

साडू शहरातल्या जुन्या बागेचा रखवालदार. बाग दीडशे वर्षांची. मधोमध दगडी कारंजं, तिथून फाटकापर्यंत दुतर्फा झाडं. माणूस सरळ, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्या वसंतात तर तो नुसता धुमसत होता. बायको जिन्यावरून पडून पाय मोडून बसलेली, घरात तिसरं माणूस नाही. तिला दार उघडायला उठता येईना, म्हणून हा बाहेरून कुलूप लावून कामावर यायचा. अंधार पडला की ती घाबरायची. आठच्या आत येतो, असा त्याने तिला शब्द दिला होता, आणि तो रोज मोडत होता.

का? तर म्हणे झाडं फुलली होती! सगळं शहर फुलं बघायला लोटलेलं. बाग साडेसातला बंद, पण शिट्टी फुंकून ह्याचे गाल दुखले तरी कोणी हलेल तर शपथ. "एकच फोटो, काका!" त्यांना कसंबसं हाकलावं, तर शेवटी उरायचे काठीवाले बाबा. एवढ्या उकाड्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. रोज तेच पालुपद, "झालंच हो. एवढी एक फेरी." आणि फेरी कसली, गोगलगाय बरी.

मार्चची सत्तावीस, गुरुवार. साडूला एवढंच करायचं होतं: फाटक लावायचं, आठला बंद होणाऱ्या दुकानातून बायकोचं औषध घ्यायचं आणि घर गाठायचं. माळ्याने नुकतंच पाणी मारलं होतं, वाटेवर चिखल झाला होता. सात पन्नासला बाबा फाटकापासून दहा पावलांवर आले... आणि परत वळले. साडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो बाबा, घरदार आहे की नाही तुम्हाला?"

"नाही."

साडू जरा वरमला, पण राग काही उतरेना. "मला आहे ना! बायको बिछान्याला खिळलीय. अंधारात एकटी आहे. जवळ बसायला कोणी नाही, आणि मी इथे तुमच्या फेऱ्या बघत उभा!"

"जवळ बसायला... कोणी नाही?"

"नाही म्हणतो ना!"

बाबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बरं. येतो हं."

निघणाऱ्याला आपण काय म्हणतो? तोंडात बसलेलंच असतं. साडू खिशात किल्ली चाचपत म्हणाला,

"या."

मान वर केली. वाट रिकामी.

फाटकात तो स्वतः उभा होता. बाहेर कोणी गेलं नव्हतं. त्याने बॅटरी मारली. चिखलात त्याच्याच बुटांचे ठसे. काठीचा... एकही नाही.

औषध राहिलं. सायकल हाणत त्याने घर गाठलं. कुलूप जसंच्या तसं. घाईत किल्ली लागेना. लागली.

आत बायको हसत होती. कित्येक दिवसांनी.

"बरं केलंत बाबांना पाठवलंत. आज जराही भीती वाटली नाही बघा."

साडू खोलीचे कोपरे न् कोपरे बघू लागला.

"अहो, असे काय बघताय?"

"कुठे आहेत ते?"

"आत्ताच उठले. येतो म्हणाले."

"मग तू... तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? 'या' म्हटलं."

साडूने बॅटरी खाली धरली. फरशी त्याने सकाळी स्वतः पुसली होती. आता दारापासून बिछान्याजवळच्या खुर्चीपर्यंत चिखलाची पावलं होती, प्रत्येक पावलाशेजारी काठीचा गोल ठसा.

सगळी पावलं आत येणारी. बाहेर जाणारं एकही नव्हतं.