चौदावी खुंटी

अर्धवर्तुळात छत्तीस खुंट्या होत्या. तेरा आडव्या, तेवीस उभ्या. त्यांच्यामध्ये, चार मजले उंचावरून सोडलेल्या तारेला टांगलेला पितळी गोळा झुलत होता आणि वाटेत आलेली एकेक खुंटी पाडत होता. आणि कठड्याला रेलून उभे असलेले आबा जागचे हलत नव्हते.

शर्वरीने खुंट्या तिसऱ्यांदा मोजल्या. दुसरं करणार काय?

"आबा, डायनोसॉर!"

"थांब गं. चौदावी पडली की निघू."

हे असंच चाललं होतं! न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आबांनी जुन्या लिफ्टच्या पाट्या वाचण्यात अख्खी दुपार घालवली. वॉशिंग्टनला एका विमानाच्या इंजिनाभोवती दोन तास घिरट्या. दोन्हीकडे डायनोसॉरच्या दालनाचं दार शर्वरीच्या नाकासमोर बंद झालं. आज शिकागो, उद्या घरचं विमान. आणि इथलं दालन पाचला बंद होणार होतं.

"कधी पडेल ती?"

"तेरावी पडली चार वाजून दहा मिनिटांनी. दोन खुंट्यांमध्ये पाच अंश. म्हणजे त्रेसष्ट मिनिटं," आबांनी पाढा म्हणावा तसं सांगून टाकलं. पुण्यातल्या कॉलेजात एकतीस वर्षं त्यांनी असाच लंबक (टांगून झुलवलेलं वजन) मुलांना दाखवला होता.

"म्हणजे पाच तेरा! आबा, तोवर दालन बंद होईल!"

शेजारचा यंत्रमानव वाटाड्या नुसता डोळे लुकलुकवत होता. शर्वरीने त्याचं नाव ठोकळ्या ठेवलं होतं.

"तू तरी बोल ना काहीतरी!"

"आजोबांनी सकाळी मला मधे बोलू नकोस असं बजावलं आहे. थेट प्रश्न विचारल्यास उत्तर देईन."

"बरं. गोळ्याला बाजूला कोण ढकलतं?"

"कोणीही नाही."

"मग खुंट्या पडतात कशा?" शर्वरी वैतागली.

आबांनी चष्म्याची दोरी सोडवली, तिला सुपारीची डबी बांधली आणि ठोकळ्याच्या सपाट डोक्यावर, त्याच्या वर वळलेल्या डोळ्यांसमोर धरून झुलवली.

"आता डोकं सावकाश फिरव रे. काय दिसतंय?"

"डबीची झुलण्याची दिशा वळते आहे."

"डबी कुठे वळतेय? तूच वळतोयस, ठोकळ्या!" शर्वरी ओरडली, आणि एकदम थबकली. "म्हणजे गोळा आपला सरळच झुलतो. पृथ्वीच खुंट्या फिरवून त्याच्यासमोर आणते?"

"शाबास. ध्रुवावर तासाला पूर्ण पंधरा अंश. विषुववृत्तावर शून्य, कारण तिथली जमीन पुढे धावते, पण लंबकाखाली गरगरत नाही. मधल्या गावांत मधलं काहीतरी. ते अक्षांशावर (विषुववृत्तापासून गाव किती दूर आहे ते सांगणाऱ्या कोनावर) ठरतं."

शर्वरीने आबांकडे रोखून पाहिलं. "आबा, आपण पुण्यात आहोत का?"

"हे काय विचारतेस?"

"मग त्रेसष्ट मिनिटं कुठली?"

आबांचा हात थांबला. डबी एकटीच झुलत राहिली.

"ठोकळ्या, पुण्याचा अक्षांश किती? आणि शिकागोचा?"

"पुणे सुमारे साडेअठरा. शिकागो सुमारे बेचाळीस."

"म्हणजे शिकागो ध्रुवाच्या जास्त जवळ! इथली जमीन भराभर वळणार! तासाला किती?"

"दहा अंश."

"पाच अंशांना अर्धा तास. चार चाळीसलाच पडणार!" तिने ठोकळ्याकडे वळून विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"होय. कोणी विचारलं नाही."

"आबा, तुमचा आदेश मागे घ्या बघू आधी!"

"घेतला, बाई, घेतला," आबांनी कपाळाला हात लावला. "एकतीस वर्षं तोंडात बसलेला आकडा गं. घरी पुण्याला गेल्यावर तुमच्या शाळेच्या जिन्यात लंबक टांगू. तिथे मोज माझी त्रेसष्ट."

"टांगू. पण आत्ता बॅग खांद्याला लावा. खुंटी पडली की पळायचंय."

आबांनी मुकाट्याने बॅग खांद्याला लावली. तिघेही कठड्यावरून वाकले.

चौदावी खुंटी चार वाजून चाळीस मिनिटं अकरा सेकंदांनी पडली.